देऊळ टिकते ते निगराणीवर



प्रशासनाच्या नकाशावर गोंदिया जिल्हा तरुण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. या भूमीची धर्मपरंपरा मात्र अतिप्राचीन आहे. गोंदिया शहरालगतच्या नागरा गावातील शिवमंदिर ही तिची ठळक साक्ष होय. महाशिवरात्रीला येथे पंचक्रोशीतील भाविकांची रीघ लागते.

हे मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. हेमाद्री तथा हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या नावाने ही बांधणी ओळखली जाते. पण तशा धाटणीचे प्रत्येक देऊळ त्यानेच उभारले असे नव्हे. कित्येक देवळे त्याच्या आधीचीही आहेत. यादवांची सत्ता विदर्भात पोहोचली होती, हे रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातील शिलालेखावरून स्पष्ट होते. पुढे यादवांचे राज्य लयाला गेले. गोंड राजे आले, नागपूरकर भोसले आले, १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्यही खालसा केले. राज्ये बदलली, पण खेड्यापाड्यांतील देवांपुढचा दिवा विझला नाही. तो कोणी तेवत ठेवला? गावाने!

या प्रदेशात देऊळ आणि तलाव ही एकाच ग्रामव्यवस्थेची दोन अंगे होती. कोहळी समाजाने येथे तलाव बांधले, त्यावर धान पिकले आणि त्या पिकातला वाटा देवाच्या दिवाबत्तीला गेला. नवेगावचा विशाल बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. सात बहिणी नावाच्या डोंगरांच्या कुशीतील त्या तलावाच्या काठी कोलू पाटील आज कोलासूर देव म्हणून पूजले जातात. ज्याने पाणी अडवून गाव जगवले, त्यालाच गावाने देवत्व दिले. कर्तव्य हेच पूजन, हा हिंदू जीवनदृष्टीचा अर्थ याहून सोप्या रीतीने कोण सांगू शकेल?

इंग्रजी अमदानीत गावचा सारा वसूल करण्याचा अधिकार मालगुजारांकडे होता. अनेक गावांत तलावाची डागडुजी, देवळाचा चुना आणि उत्सवाचा शिधा हे सारे त्यांच्याच वाड्यातून होई. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने १९५० मध्ये कायदा करून ही व्यवस्था संपुष्टात आणली. कुळांच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. तलाव शासनाकडे गेले. माजी मालगुजारी तलाव हे नाव तेवढे उरले. देवळांना मात्र नवा पालक आपोआप मिळाला नाही. जुना कर्ता गेला आणि त्याच्या जागी संपूर्ण गावाने उभे राहायला हवे होते. जेथे गाव उभे राहिले तेथे देऊळ टिकले. जेथे राहिले नाही, तेथे शिखरावर पिंपळ उगवला.

आज चित्र पालटले आहे. गावोगावी श्रद्धा जागी आहे, वर्गणीही जमते. पण जीर्णोद्धाराच्या उत्साहात जे जपायचे, तेच अनेकदा नष्ट होते. हेमाडपंती बांधणीत चुन्याचा लेप न देता, खाचा पाडलेले घडीव दगड एकमेकांत बसवलेले असतात. साऱ्या वास्तूचा तोल त्यांच्या भारावर असतो. त्या सांध्यांत सिमेंट भरले की आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही; क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइल पेंटने मूर्तिकाम बुजते आणि ओलही कोंडते. अंगणात फरशीवर फरशी चढवली की जमीन उंच होते आणि पावसाचे पाणी गाभाऱ्याकडे धाव घेते. अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ तुंबली, तर पायाच भिजत राहतो. हे सारे भक्तिभावानेच घडते, म्हणून ते अधिक क्लेशदायक आहे.

वस्तुतः निगराणीला मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. मृग नक्षत्रापूर्वी गावच्या तरुणांनी देवळाची पाहणी करावी. फटीतली रोपटी कोवळी असतानाच काढावीत, मुरलेले मूळ मात्र ओढू नये, कारण त्यासोबत दगडही निघतो. पन्हळी मोकळ्या कराव्यात. दरवर्षी त्याच जागेवरून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे सरकलेला दगड वेळीच ध्यानात येतो. मोठे काम काढण्यापूर्वी वास्तू संरक्षित आहे काय, हे पुरातत्त्व खात्याकडे विचारावे आणि परवानगी व जाणकारांचा सल्ला घ्यावा. देवस्थान धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले असावे, हिशेब तपासलेले असावेत. नोंदणीकृत न्यासाची जमीन आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना विकता येत नाही. देवाच्या जमिनीला याहून भक्कम कुंपण नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचा आदर्श येथे स्मरणीय आहे. काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांच्या पुढाकाराने १७८० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. आपल्या खासगी उत्पन्नातून त्यांनी देशभर मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या. परंतु बांधकामाबरोबरच नित्यपूजा आणि देखभालीसाठी उत्पन्नाची तरतूदही त्या करून देत. देवळाची उभारणी एकदाच होते, त्याचा सांभाळ मात्र रोज करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पूर्वी देवळाचा भार एका वाड्यावर होता. आता तो साऱ्या गावाने वाहायचा आहे. पोवार, कोहळी, कुणबी, तेली, गोंड, महार, चांभार अशा प्रत्येक घराचा त्या पायरीवर सारखाच अधिकार आहे, म्हणून प्रत्येक घराची जबाबदारीही सारखीच आहे. ज्या समितीत गावाचा एखादा मोहल्ला नाही, त्या समितीचे देऊळ गावाचे नव्हे. आणि जे देऊळ साऱ्या गावाचे नाही, ते कितीही रंगवले, सजवले तरी फार काळ टिकणार नाही. दगडाचे सांधे शाबूत ठेवायचे असतील, तर आधी समाजाचे सांधे शाबूत हवेत. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या देवळाभोवती एक प्रदक्षिणा घालावी. हात जोडून, आणि डोळे उघडे ठेवून!