अस्तराचे जाकीट

मंडळी, आज आम्ही तुमच्याशी जाकिटाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी खडू टाकला आणि कात्री धरली की काय? पण खडू शिंप्यालाही लागतो बरं का. आणि अक्षरही लागते. कसे, ते सांगतो.

आपल्या मावळात जाकीट कोणाला ठाऊक नाही? सदऱ्यावर बिनबाह्यांचे जाकीट चढवले की माणूस बाजाराला निघालाच समजा. लोणावळा-खंडाळ्याकडे पौष-माघात पहाटेचा गारठा हाडात शिरतो. तिथे एकपदरी कापड पुरत नाही, आत अस्तर हवे. दोन पदरांच्या मध्ये हवा कोंडून राहते, तीच ऊब धरते.

1981 साली आम्ही नवे नवे मास्तर झालो होतो. पहिल्या पगारातून दादांसाठी, म्हणजे आमच्या वडिलांसाठी, जाकिटाची जाड खादी आणली. अस्तराला मांजरपाट घेतला. शिलाईला पैसे उरले नाहीत. शेजारी मशीन होते आणि ते चालवता येत होते. पण बेतणे कुठे येत होते? मग एकाकडून जाकिटाचा कागदी नमुना मागून आणला. कागद कापडावर ठेवला, कडेने खडू फिरवला आणि कापले.

आता हिशेब ऐका. दादांची छाती 36 इंच. जाकीट सदऱ्यावर घालायचे, म्हणून 4 इंच ढिलाई धरायची. झाले 40. त्याचा चौथा भाग 10 इंच. नमुना बरोबर 10 इंचांचा होता. आम्ही खूश! पण शिवताना प्रत्येक कडेचे अर्धा इंच कापड आत जाते. त्यासाठी जास्त कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. कागदात माया धरलेली आहे असे आम्ही समजलो. ती नव्हती. दोन्ही बगलांच्या शिवणीत 2 इंच गेले. पुढच्या दोन काठांत 1 इंच गेला. चार इंच ढिलाईतली तीन शिवणीत गेली, उरली एक!

दादांनी जाकीट घातले. गुंड्या लावायला गेले, तर श्वास घेता येईना. ते हसून म्हणाले, “मास्तर, कापड आखडलं का मी फुगलो?”

आम्हांला जमिनीत शिरावेसे वाटले. पण दादांनी ते काढून ठेवले नाही. हिवाळाभर तसेच, गुंड्या न लावता घातले. कामशेतच्या बाजारात कोणी विचारले की म्हणत, “पोरानं शिवलंय. असंच मोकळं बरं वाटतं.” थंडी मात्र छातीला लागतच होती. रात्री खोकत, ते आम्हांला ऐकू येई.

चूक कापडाची नव्हती, कागदाची होती. त्यावर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. ‘माया नाही’ एवढे दोन शब्द असते तर?

कागदी नमुन्यांची गोष्टही अशीच आहे. ज्या 1863 साली आपल्या बोरघाटातून आगगाडी चढू लागली, त्याच साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. घरोघरच्या बायका त्यावरून शिवू लागल्या. पण पुष्कळ वर्षे अशा कागदांवर छापील अक्षर नसे. नुसती भोके आणि खाचा. त्यांवरून ओळखायचे. छापील नमुने नंतर आले.

तुम्हांला आता लिहिता येते. तेव्हा जुन्या वर्तमानपत्रावर नमुना काढा आणि त्यावर लिहा. पाठीच्या तुकड्यावर ‘पाठ, 1, घडीवर’. कापडाची घडी घालून घडीच्या काठाला तो कागद लावायचा, म्हणजे पाठ अखंड निघते. पुढच्या तुकड्यावर ‘पुढा, 2’. एक डावा, एक उजवा. दोन्ही डावे कापणारे आम्ही पाहिले आहेत! जुने जाकीट उसवून नमुना काढला, तर माया त्यात आलेलीच असते. तसे लिहा. न उसवता काढला, तर माया वेगळी सोडा.

कापण्याआधी खादी आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते, वरचे कापड तसेच राहते आणि जाकिटाला चुण्या पडतात. जमले तर आधी जुन्या चादरीचे कच्चे जाकीट शिवून अंगावर घालून पाहा. चादर वाया गेली तर रडू येत नाही.

शिवण्याची रीत अशी. वरच्या कापडाचे खांदे जोडा, अस्तराचेही जोडा. दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. गळा, पुढचे काठ, पुढ्यांचा खालचा काठ आणि मुंढे शिवा. बगला आणि पाठीचा खालचा काठ मोकळा ठेवा. मुंढ्याच्या गोलाईत कात्रीने बारीक चिरा द्या, पण टाका तोडू नका. मग दोन्ही पुढे खांद्यांच्या पोकळीतून पाठीच्या खालच्या तोंडाने बाहेर ओढा. सगळे सुलट होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादूच वाटते. मग बगला जोडा आणि खालचे तोंड हाताने तुरपून घ्या.

आता आपल्या सोयीचे दोन बदल. भातलावणीला माणूस वाकला की जाकीट वर सरकते आणि कंबर उघडी पडते. म्हणून पाठ दोन इंच लांब ठेवा. दुसरे, अस्तराला आतून चोरखिसा लावा. तो मात्र अस्तर जोडण्याआधीच लावायचा, नंतर हात पोचत नाही.

दादांच्या जाकिटाचे काय झाले? पुढच्या दिवाळीत आम्ही बगला उसवल्या. अडीच इंच रुंदीच्या दोन पट्ट्या घातल्या, अस्तरालाही तेवढ्याच. अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन प्रत्येक बाजूला दीड इंच वाढला. गेलेले तीन इंच परत आले. खादीचा रंग मिळाला नाही, पट्ट्या गडद दिसत. दादांनी सगळ्या गुंड्या लावल्या, दोन्ही हात वर करून पाहिले आणि तसेच गोठ्याकडे गेले.

तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. त्यावर आता तांबड्या शाईने ‘माया नाही’ असे लिहिले आहे. ज्यांना उतरून घ्यायचा असेल त्यांनी उद्या वर्गाला येताना वर्तमानपत्र आणि टेप आणावी. नमुना 36 छातीचा आहे, आपले माप आधी घेऊन या.