आकाशातील खरखर आणि यानाचा माग



शॉर्टवेव्हवर दोन केंद्रांच्या मधे काटा आला की खरखर ऐकू येते. तिच्यातला काही अंश आकाशगंगेतून येतो, हे कार्ल जान्स्की यांनी १९३३ साली दाखवून दिले.

यानाचा वेग मोजतात तो त्याच्या संदेशाच्या कंपनसंख्येत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून. संदेश खरखरीत बुडाला की हा फरक धूसर होतो आणि मोजमाप चुकते. कंपनसंख्या वाढवली तर आकाशगंगेची खरखर झपाट्याने घटते. म्हणून दूरची याने बहुधा ८४०० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात.

युरोपच्या ‘स्कियापारेली’ यानाचा मंगळावर उतरतानाचा संदेश मात्र सुमारे ४०० मेगाहर्ट्झचा, आणि फार क्षीण. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी तो टिपला आपल्या नारायणगावाजवळच्या खोडदच्या दुर्बिणीने. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. (शाळेची सहल काढायची तर तिथे काढावी, असे मी शिक्षकांना सुचवीन.) अनेक तबकड्यांचे संदेश तालात जुळवले की यानाचा सूर वर येतो, खरखरीला तसा ताल नसतो. उतरण्याच्या थोडे आधी तो सूर तुटला. यान आदळून फुटले होते.