गोळी कुणी बंद करायला सांगितली?



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. तरी औषधांवर बोलतोय, कारण हे आमच्या घरात घडलंय.

अब्बांना वीस वर्षांची शुगर. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ आला : चाळीस दिवस चूर्ण घ्या, शुगर मुळापासून जाईल. मीही तो पाहिला होता. 'घेतलं तर काय बिघडतं' म्हणून गप्प बसलो. अब्बांनी चूर्ण मागवलं आणि गुपचूप गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात शुगर पाचशेच्या वर. रात्री दोन वाजता त्यांना घेऊन वाशीला धावलो. अल्लाहच्या कृपेने वाचले. पुडीवर ना घटक लिहिले होते, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

आमच्या कामात एक जुना विनोद आहे : 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' पण एका लॅपटॉपवर चाललं म्हणून कोड कुणी बँकेला देत नाही. 'आमच्या खालूंना गुण आला' हेही तसंच. खालू सोबत गोळ्याही घेत होते का? ज्यांना गुण आला नाही, त्यांचे व्हिडिओ कोण बनवतं?

मधुमेह, कॅन्सर, लकवा अशा ५४ आजारांवर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ताईत आणि मंत्रही त्यात येतात. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिलं होतं. १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही तरतुदी रद्द केल्या. पण अशा विक्रीच्या जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असं सांगितलं. २०२४ मध्ये पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल वर्तमानपत्रांत माफी छापावी लागली. हकीम असो की वैद्य, नियम एकच.

काही जण म्हणतात, शंका घेणं म्हणजे ईमान कच्चं. प्रत्येक आजाराला इलाज आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मला तिचा अर्थ 'इलाज शोधा' असा कळतो, 'कुणीही विकेल ते गिळा' असा नाही. दुआ करा, कलौंजी खा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

नवीन औषध घरात आलं की तीन गोष्टी बघा. पाकिटावर घटक आणि परवाना क्रमांक आहे का? 'शंभर टक्के' आणि 'मुळापासून' असे शब्द आहेत का? चालू औषध बंद करायला सांगितलंय का? संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आणि आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना विचारा, सध्या नवीन काय घेताय? पण रागावू नका. मी नेहमी रागवायचो, म्हणूनच अब्बांनी माझ्यापासून लपवलं.