रोशा तेलाचा आलेख कसा वाचायचा?

जबलपूरच्या गढा भागातून बोलतोय. आज रोशा तेलाबद्दल. रोशा म्हणजे आपलं तिखाडी गवत. मेळघाट, बैतूल, निमाड, खानदेश इथल्या लोकांना त्याचा वास सांगायला नको. एके काळी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. कारण जिरॅनिऑल. रोशा तेलात ते साधारण ७५ ते ९० टक्के असतं.

व्यापारी याच टक्क्यावर भाव करतो, म्हणून लबाडीही इथेच. पूर्वी खोबरेल, रॉकेल घालायचे. ते पकडणं सोपं होतं : ७० टक्के अल्कोहोलमध्ये चांगलं तेल विरघळतं, भेसळीचं गढूळ होतं. आता कृत्रिम जिरॅनिऑल घालतात. ते विरघळतं, आणि टक्का उलट वाढतो!

इथे गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. बारीक नळी, बहुधा ३० मीटर लांब. तेलाची वाफ तिच्यातून सोडली की एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आलेखावर शिखर उमटतं. लिनॅलूल आणि जिरॅनिऑल यांचं रेणुसूत्र एकच, रेणुभार १५४. तरी लिनॅलूल आधी निघतं.

मी मोठं शिखर शेवटी बघतो. आधी बारकी : लिनॅलूल, ऑसिमीन, कॅरिओफायलीन, जिरॅनिल ॲसिटेट. बाहेरून जिरॅनिऑल ओतलं की ही सगळी एकदम खुजी होतात. शिवाय बऱ्याच कृत्रिम मालासोबत त्याचा जुळा भाऊ नेरॉल येतो. रोशात तो नावापुरताच.

आता उलट बाजू. टक्का कमी आला म्हणजे शेतकऱ्याने भेसळ केली, असं लगेच म्हणू नका. मोतिया आणि सोफिया हे रोशाचे दोन प्रकार दिसायला सारखेच, पण सोफियात जिरॅनिऑल बरंच कमी. बियाणं मिसळलेलं असेल तर बिचाऱ्याचा काय दोष? कापणीचंही तसंच. फुलोरा पिकत जातो तसं जिरॅनिल ॲसिटेटचं जिरॅनिऑल होत जातं. घाईने कापलं तर ॲसिटेट जास्त दिसणार.

म्हणून चिठ्ठीवरच्या एका आकड्यावर सौदा करू नका. पूर्ण आलेख मागा. नमुना गडद काचेच्या बाटलीत, पाणी नीट काढून, काठोकाठ भरा. बाटलीवर कापणीची तारीख आणि बियाणं कुठलं ते लिहा.