हुशार आहे, पण लक्ष नसते

(मंदिराच्या सभागृहात महिला मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणातून)



मला बोलायची संधी दिली याबद्दल विश्वस्त मंडळाचे आभार. विषय अवघड आहे, कारण तो माझ्याच घरातला आहे.

गेल्या गणेशोत्सवात अथर्वशीर्षाच्या २१ आवर्तनांची मोजणी माझ्याकडे होती. चौदावं झालं की पंधरावं, यात माझा गोंधळ उडाला. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "अगं, वेंधळी ती वेंधळीच!" त्या प्रेमानंच म्हणाल्या. पण वेंधळी, धांदरट, विसरभोळी हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अशा मुलींसाठी मराठीत शब्दांची कमी नाही. त्यामागे काही वैद्यकीय कारण असू शकतं, हे मात्र मला वयाच्या ४३व्या वर्षी कळलं, तेही लेकीमुळे.

लेक तेव्हा सेकंडरी टूमध्ये होती. वर्गात शांत बसायची, कुणाला त्रास नाही, म्हणून शाळेतून कधी तक्रार आली नाही. घरी मात्र तासाभराचा गृहपाठ रात्री बारापर्यंत चालायचा आणि शेवटी रडू. वर्षात तीन ईझी-लिंक कार्डं हरवली. मी शिकवण्या वाढवल्या, आवाजही वाढवला. "चित्रं काढायला पाच तास बसतेस, मग गणिताला वीस मिनिटं का नाही?" हे मी रोज म्हणायचे. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

कारण एडीएचडी म्हणजे लक्षच नसणं असं नाही. लक्ष हवं तेव्हा, हवं तिथे वळवता न येणं, हा त्यातला मुख्य त्रास. आवडीच्या कामात ते अडकून बसतं, कंटाळवाण्या कामाला हलत नाही. "मनात आणलं तर जमतं" हे म्हणूनच त्या मुलीला सगळ्यात जास्त लागतं.

एडीएचडी म्हटलं की बाकांवर उड्या मारणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. पुष्कळ मुलींची चुळबुळ आतल्या आत असते. अतिचंचलता नसतानाही अवधानाचा दोष असू शकतो, हे अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत १९८० साली नावानिशी आलं. तेव्हा आम्ही सांगलीत पाट्या गिरवत होतो. आमच्या शाळेपर्यंत ते कुठून पोचणार?

लेकीच्या तपासणीत डॉक्टरांनी प्रश्न विचारले, तेव्हा निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझीच होती. पुढे मी स्वतःची तपासणी करून घेतली. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसत होती का, हे पाहतात. भावानं माळ्यावरच्या ट्रंकेतून माझी प्रगतिपुस्तकं काढून फोटो पाठवले. दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही वर्षं एकच शेरा: "हुशार आहे, पण लक्ष नसते." डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

आता कुणी घरी जाऊन स्वतःच निदान करू नका. थायरॉइड, रक्तातलं लोह, अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांनीही विसरायला होतं. पाळीच्या आधी आणि पाळी जाण्याच्या काळात अनेकींचं लक्ष आणखी ढासळतं, तेही डॉक्टरांना सांगा.

औषधाची भीती मलाही होती. लेकीला ते लागू पडलं, मला डोस बसायला वेळ लागला. गोळीनं किल्ल्या जागेवर जात नाहीत, हेही खरं. एक सूचना: ही औषधं नियंत्रित आहेत. बाहेरून आणायची तर हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची परवानगी आधी घ्या. अमेरिकेत सर्रास दिलं जाणारं ॲडरॉल इथे चालत नाही.

बाकी घरातले उपाय साधे आहेत. दारामागे किल्ल्यांचा खिळा. बिलं जायरोनं भरली जातात. कुकरच्या शिट्ट्या मी मोजतच नाही, टायमर लावते. सासूबाई आधी म्हणाल्या, "एवढंही लक्षात राहत नाही का?" मी म्हटलं, "आई, जपाला माळ का घेता?" त्यानंतर त्यांनीच मला २१ दाण्यांची वाटी करून दिली. एक आवर्तन झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. यंदा मोजणी चुकली नाही. आणि प्रवचनात मी वाती वळत बसते, तो अनादर समजू नका. हात चालू असले की मला ऐकू जास्त येतं.

मदत कुठे मिळते? शाळेच्या समुपदेशकाला भेटा. गरज वाटली तर शाळा 'रीच' पथकाशी संपर्क करते. मोठ्यांनी पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन तज्ज्ञांकडे जावं, म्हणजे नागरिक आणि पीआर यांना सवलतीचा दर मिळतो. मूनलेक ली यांनी आपल्या मुलीच्या निदानानंतर २०२१ मध्ये 'अनलॉकिंग एडीएचडी' ही संस्था सुरू केली, तिथे पालकांना आणि प्रौढांना सोबत मिळते. मन फारच खचलं असेल तर १७७१ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

अडचण येते ती आपल्यातल्या पास-धारक कुटुंबांची. त्यांना सवलत नाही, आणि तपासणीचा पूर्ण खर्च झेपत नाही म्हणून मुलींचं "पुढच्या वर्षी बघू" होतं. मुलाचं तेवढं लांबत नाही, हे माझं निरीक्षण. शिवाय "लग्नाच्या वेळी कळलं तर?" हा प्रश्न असतोच. म्हणून मंदिराच्या कल्याण निधीत या तपासण्यांसाठी वेगळा हिस्सा ठेवायला विश्वस्तांनी मान्यता दिली आहे. देणगीच्या पाकिटावर 'तपासणी' एवढंच लिहा. मदत हवी असेल त्यांनी कार्यालयात फक्त चिटणीसांशी बोलावं, नाव कुठेही लिहिलं जाणार नाही.

पैसे देणं जमत नसेल त्यांच्याकडे दोन तास मागते. रविवारी आरतीनंतर वरच्या खोलीत मुली गृहपाठाला बसतात. शिकवायचं काहीच नाही, शेजारी आपलं काम घेऊन बसायचं. कुणी बाजूला असलं की त्यांचं काम सुरू होतं. सध्या आम्ही तिघी आहोत, मुली नऊ. वाती वळायला घेऊन या.