कार्लाइलचा हंगाम : मैदान कोणाचे, गल्ला कोणाचा?

(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या छायाचित्रांतून सांगितला जातो. तिकिटांचा पैसा कोणाच्या पेटीत पडला, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल या गावी असलेल्या इंडियन औद्योगिक शाळेच्या फुटबॉल संघाने १९१२ साली जो हंगाम गाजवला, त्याकडे या पेटीच्या बाजूने पाहिले पाहिजे.

प्रथम शाळेविषयी. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ती १८७९ साली लष्कराच्या रिकाम्या बराकींत काढली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले शेकडो मैलांवरून तेथे आणली जात. आल्याबरोबर त्यांचे केस कापत, नावे बदलत, मातृभाषेत बोलण्यास बंदी घालत. मुलातील इंडियनपण नाहीसे केल्यावाचून त्याचा माणूस होणार नाही, हे प्रॅट यांचे तत्त्वज्ञान होते. अर्धा दिवस शिक्षण आणि अर्धा दिवस काम हा शाळेचा शिरस्ता होता. शिवाय मुलामुलींना गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी राबायला धाडण्याची एक पद्धत होती आणि तिलाही संस्कार हेच नाव होते! तिकडे १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींच्या सामायिक जमिनींचे तुकडे पाडून उरलेली भूमी गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली करण्याचे काम चालूच होते. जमीन आणि मुले एकाच काळात हिरावली गेली, हा योगायोग समजण्याचे कारण नाही.

अशा शाळेत फुटबॉल आला. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे. चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्यांना धडका देत पुढे घुसण्याचा तो अमेरिकन खेळ. १९०५ च्या सुमारास त्यात इतके तरुण मृत्युमुखी पडत होते की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मातब्बर महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण करावे लागले. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. देहाने लहान पण पायांनी चपळ अशा कार्लाइलच्या मुलांनी या मुभेचे सोने केले. १९०७ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असे हरवले, १९११ साली हार्वर्डला १८-१५ असे नमवले. धनिकांच्या मुलांसाठी राखलेल्या मैदानावर सरकारी शाळेतील ही मुले उभी राहत आणि जिंकत.

१९१२ च्या हंगामात संघ चौदा सामने खेळला. बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक गमावला. स्वतः ५०४ गुण मिळवले. संघाचा कर्णधार होता जिम थॉर्प, सॅक अँड फॉक्स जमातीचा तरुण. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके जिंकून तो परतला होता. बहुतेक सामने परगावी होत. मोठी मैदाने आणि मोठी गर्दी तिकडेच होती आणि गर्दीतूनच पैसा मिळत असे. ऑक्टोबरच्या अखेरीस वॉशिंग्टनमधला सामना आटोपून संघ कॅनडातील टोरांटोला गेला. मुले अभ्यास केव्हा करीत, असा प्रश्न व्यवस्थापनाला पडल्याचे दिसत नाही.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या संघाशी गाठ पडली. वुंडेड नी येथे लाकोटा स्त्री-पुरुषांना आणि मुलांना सैनिकांनी गोळ्या घातल्या, त्या २९ डिसेंबर १८९० च्या घटनेला तेव्हा पुरती बावीस वर्षेही झाली नव्हती. आता भावी सैन्याधिकारी समोर होते. त्यांच्यात ड्वाइट आयझेनहॉवर हा विद्यार्थीही होता, जो पुढे देशाचा अध्यक्ष झाला. कार्लाइलने सामना २७-६ असा जिंकला. आठवड्यातच पेनसिल्व्हेनियाशी ३४-२६ अशी हार पत्करावी लागली, पण त्याने हंगामाचे तेज उणावले नाही.

येथेच बहुतेक वर्णने थांबतात. खरी गोष्ट मात्र नंतरची आहे.

जानेवारी १९१३ मध्ये थॉर्पने १९०९ आणि १९१० साली नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याचे उघडकीस आले आणि त्याची पदके काढून घेण्यात आली. उन्हाळ्यात पैसे घेऊन खेळणारे गोरे विद्यार्थी खोटी नावे लावीत. थॉर्पने आपले खरे नाव लावले होते. पैसा न घेता खेळतो तोच खरा खेळाडू, हा नियम ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच परवडणारा. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनी आपणास यातले काहीच ठाऊक नव्हते, असे जाहीर केले. वॉर्नर स्वतः मात्र पगारी होते आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नाही.

या संघाचा एक आघाडीचा खेळाडू होता गस वेल्श, विस्कॉन्सिनचा ओजिब्वे. दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या केलेला तक्रार अर्ज वॉशिंग्टनपर्यंत पोहोचवण्यात त्याचा पुढाकार होता. परिणामी फेब्रुवारी १९१४ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीचे सदस्य थेट कार्लाइलला आले. मुलांनी तेथे उघडपणे साक्षी दिल्या. अपुरे अन्न, मारहाण, प्रशिक्षकाची शिवीगाळ, सामन्यांची तिकिटे परस्पर विकल्याचा आरोप, सगळे नोंदले गेले. सरकारी हिशेबाबाहेर ठेवलेल्या क्रीडानिधीचीही छाननी झाली. ज्यांना देशाचे नागरिकत्व सरसकट मिळायला १९२४ साल उजाडायचे होते, त्यांनी देशाच्या कायदेमंडळाला आपल्या दारी आणले. वेस्ट पॉइंटच्या विजयापेक्षा हा विजय कमी प्रेक्षकांनी पाहिला, पण तो थोरला होता.

फ्रीडमन यांना जावे लागले. अफरातफरीच्या खटल्यात ते पुढे निर्दोष सुटले. वॉर्नर १९१५ साली पिट्सबर्ग विद्यापीठाकडे गेले आणि त्यांची कीर्ती वाढतच राहिली. मुलांच्या फुटबॉलची एक मोठी संघटना आजही त्यांचे नाव मिरवते. थॉर्प १९५३ साली वारला. त्याची पदके १९८२ साली परत देण्याचे ठरले, तरी त्या स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल यावे लागले.

शाळा १९१८ साली बंद झाली आणि बराकी पुन्हा लष्कराकडे गेल्या. शाळेत असताना दगावलेली मुले तेथेच पुरलेली होती. २०१७ पासून एकेक जमात आपल्या मुलांचे अवशेष स्वतःच्या भूमीत परत नेत आहे.