पेशींतील बिघाड आणि आपलें कर्तव्य



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही कर्करोगाचा विषय काढावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु नांदेड व लातूर या जिल्ह्यांत आजाऱ्यांच्या भेटीस जातों, तेव्हां एक उद्गार वारंवार कानीं पडतो: “हा रोग जनुकांचा, म्हणजे घराण्याचा कलंक.” मग रोग लपविला जातो, मुलींच्या सोयरिकी अडतात, आणि उपायाची वेळ निघून जाते.

हा समज कितपत खरा आहे? पेशीनें केव्हां वाढावें व केव्हां थांबावें, याची आज्ञा जनुकांत लिहिलेली असते. तंबाखूचें विष, प्रखर सूर्यकिरण किंवा पेशी दुभंगतांना सहज होणारी चूक यांनीं ती आज्ञा बिघडते. एका बिघाडानें सहसा भागत नाहीं. वर्षानुवर्षें असे अनेक बिघाड सांचले म्हणजे पेशी बेबंद वाढूं लागते. यांतील बहुतेक बिघाड जन्मानंतरचे होत. आईबापांकडून आलेल्या बिघाडामुळें होणारे कर्करोग शेंकडा पांच ते दहाच.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें मूळ बहुतेक वेळां एचपीव्ही नांवाच्या विषाणूंत असतें. त्याचीं ई-६ व ई-७ हीं प्रथिनें पेशीचे पी-५३ व आरबी हे दोन पहारेकरी निकामी करतात, आणि बिघडलेल्या पेशीस अडविणारा कोणी उरत नाहीं. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे कीं, त्यावरून कोणा स्त्रीच्या शीलाची परीक्षा करणें हा अन्याय होय. संसर्गापासून कर्करोग होईतों बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. तोच काळ आपल्या हातीं आहे.

याचा पुरावा शेजारींच सांपडतो. ज्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतून १९८२ सालीं लातूर वेगळें झालें, तेथें १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन एक अभ्यास झाला. २००९ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत, एकदांच एचपीव्ही तपासणी देऊं केलेल्या गटांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या. तशी तपासणी न दिलेल्या, किंचित् लहान गटांत ६४.

तेव्हां आमची विनंती इतकीच कीं, तंबाखू सोडा, मुलींस लस द्या, आणि पत्नीस, सुनेस, बहिणीस वेळींच तपासणीस न्या. ज्या घरीं हा रोग आहे, तेथें बोट दाखवूं नका, मदतीस जा.